पाणी जिरवण्याची अट

घर बांधून झालं की त्यात राहायला जाता येतं, अशी माझी पन्नाशी उलटेपर्यंत समजूत होती. आता नाही. घर बांधून झालं की भोगवटा प्रमाणपत्र लागतं. आणि त्यातले भोग आधी येतात, प्रमाणपत्र मागाहून, त्याच्या सवडीनं.

आमचं घर रोह्याहून धाटावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका बेताच्या प्लॉटवर उभं राहिलं. खिडक्या बसल्या, रंग झाला, भाविकानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पडद्यांची मापंसुद्धा घेतली. मी धाटावच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. कुठला वॉशर कुठल्या फळीवर आहे हे मला डोळे मिटून सांगता येतं, आणि त्यामुळे जगातल्या उरलेल्या गोष्टीही आपल्याला कळतात असा माझा आपला एक भ्रम आहे. त्या भ्रमात मी सामान हलवायला टेम्पो सांगून आलो. तेव्हा आमचा आर्किटेक्ट नितेश, जो मला काका म्हणतो आणि फी मात्र परक्यासारखी घेतो, तो म्हणाला, "काका, टेम्पो थांबवा. हरित अटी राहिल्यात अजून."

हरित अटी अशा: छपरावर पडलेलं पावसाचं पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यातून जमिनीत जिरवायचं, आणि मोकळ्या जागेत कमी पाण्यावर जगणारी झाडं लावायची. हे झालं, अधिकाऱ्यांनी येऊन पाहिलं, की प्रमाणपत्र. ते मिळालं की नळ, आणि नळ आला की संसार. अटी चांगल्याच होत्या, माझं त्यांच्याशी वैर नव्हतं. रोह्याला पावसात पाण्याचा लोंढा आणि मे महिन्यात हंड्यांची रांग, हे मी लहान लहान खोल्यांत भाड्यानं राहून भरपूर पाहिलंय. पण आम्हाला घाई होती. ती बाबामुळे होती.

माझा बाप काळुराम. पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात त्यानं जन्मभर मिठागरावर काम केलं. मिठागराला आम्ही नुसतं आगर म्हणतो. एका उधाणाला गावाचा बांध फुटला, आगरावर खाडी पसरली ती मागे गेलीच नाही. पाठोपाठ आमची आई, सीताबाई, गेली. बाबाला मी रोह्याला आणलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या, भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. तिथे हळूहळू त्याच्या डोक्यातून एकेक माणूस उतरत गेलं. मनस्वीला, म्हणजे आमच्या मुलीला, तो मालू म्हणायचा. मालू ही त्याची लहानपणी गेलेली बहीण. मधूनच उठायचा, "भरती आली, बांधावर जातंय," म्हणायचा आणि चालू लागायचा. दुसऱ्या मजल्यावर पोचला की वर जायचंय की खाली हेच कळायचं नाही. कठड्याला धरून उभा राहायचा. शेवटी आम्ही दाराला बाहेरून कडी घालायला लागलो. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या घराला कुलूप लावलं नव्हतं त्याला आम्ही कोंडत होतो, आणि रोज ती कडी लावताना मला माझी लाज वाटायची.

डॉक्टर म्हणाले, "जमिनीवर न्या त्यांना. डोक्यातलं जाईल, पण हातापायातलं उशिरा जातं." भाविका तेवढंच धरून बसली. "अहो, ते मला ओळखतायत तोवर जाऊया हो," ती म्हणायची. एवढंच होतं आमचं सगळं. बापाला जमिनीला पाय लागू द्यायचे होते, तो आम्हाला विसरायच्या आत.

तर बाग. भाविकाचा भाऊ प्रविण हा उत्साही माणूस आहे, आणि उत्साही मेहुण्यासारखं संकट नाही. तो पेणच्या नर्सरीतून लॉनच्या गुंडाळ्या टेम्पोत घालून आला आणि दुपारभरात त्यानं आमचं अंगण हिरवंगार करून टाकलं. मी त्यावर अनवाणी चालून पाहिलं. मोठ्या माणसांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात तपासणीला किमया मॅडम आल्या. मुलगी वयानं मनस्वीहून फार मोठी नसेल, स्कूटीवरून आली, हेल्मेट काढलं आणि लॉनकडे पाहून म्हणाली, "काका, हे काय?"

"हरित अट," मी म्हणालो.

"हे गवत तुमच्या सगळ्या घराला लागतं त्याच्याहून जास्त पाणी पिईल. काढा ते."

लॉन आम्ही शेजारच्या हैबतरावांना देऊन टाकलं. हैबतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा, निदान त्यांच्या घरात. त्यांचं घर नियमाच्या आधीचं, त्यामुळे त्यांना ना अट ना खड्डा. ते रोज सकाळी माझ्याच लॉनवर खुर्ची टाकून मला कमी पाण्याच्या बागेवर सल्ले देत. "धनेशराव, करवंदी लावा. आपल्या डोंगरातली, तिला पाणी लागतच नाही." मी करवंदी लावली, वर कोरफड आणि अबोली. करवंदीनं प्रविणची नवी पँट फाडली, पोस्टमननं पत्रं फाटकाबाहेरूनच फेकायला सुरुवात केली, आणि एका बकरीनं, पाणी न पिता, सगळी अबोली आणि करवंदीचे कोवळे शेंडे खाऊन टाकले. ती बकरी खरी पर्यावरणवादी होती. मी कंपनीतून शिफ्ट संपवून येतो आणि काठी घेऊन करवंदीचं रक्षण करतो, हे बघायला रस्त्यावर माणसं थांबत. माणसानं किती मान खाली घालायची त्याला काही मर्यादा असते, असं मला वाटत होतं. ती अजून यायची होती.

दरम्यान सखा गवंड्यानं शोषखड्डा खणायला घेतला. बाबाला फ्लॅटवर कोंडून ठेवण्यापेक्षा मी त्याला रिक्षानं प्लॉटवर आणायला लागलो. आंब्याच्या सावलीत खुर्ची दिली की तो बसून राहायचा. कधी काही बोलायचा नाही. त्या दिवशी तो उठला, खड्ड्याच्या काठावर आला आणि वाकून बघायला लागला.

"ह्यो कशाला रं खनला?"

"पाणी जिरवायला, बाबा. पावसाचं पाणी ह्यात सोडायचं, ते जमिनीत जाईल."

बाबा हसला. कित्येक महिन्यांत तो हसला नव्हता. सखाकडे वळून त्याला म्हणाला, "ऐकलास? पानी घालवाला खड्डा खनतंय. येडा झालाय माझा धना." धना म्हणाला होता तो मला. माझं नाव त्याच्या तोंडून कधी गेलं तेही आता आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा खड्ड्यात उतरायला लागला. खड्डा त्याच्या छातीएवढाच होता, सखा त्याला हात देऊन उतरवायचा. तळाशी चिकण माती लागली होती. बाबा तिच्यावर तांब्याभर पाणी शिंपडायचा, हात पाठीमागे बांधायचा आणि तुडवायला लागायचा. आधी टाच, मग चवडा, मग एक पाऊल बाजूला. पुन्हा टाच, पुन्हा चवडा. एक कोपरा झाला की त्याच्या बाजूच्या भिंतीला तीच माती लिंपून फळीनं चोपायचा. आगर तयार करताना असंच करतात. मिठाच्या वाफ्याचा तळ असा तुडवून तुडवून इतका घट्ट करायचा की भरलेलं खाडीचं पाणी खाली एक थेंब मुरू नये. मुरलं तर मीठ पिकणार कसं? त्याच्या बापानंही हेच केलं, आणि माझ्यापर्यंत येऊन ते थांबलं, कारण मी नट-बोल्ट सांभाळायला शिकलो. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी मला काहीही सुचलं नाही. मी काठावर उभा राहून, बापाला विरंगुळा मिळाला म्हणून खूश होत होतो. दोन आणि दोन चार करायला सुद्धा माणूस शुद्धीवर असावा लागतो, आणि मी सुखात होतो.

कारण बाबा परत येत होता. दुपारी भाकरी मागून खायचा. रिक्षातून उतरताना भाविकाला म्हणाला, "तुझी आई बरी हाय का गो?" ती बिचारी पदरानं डोळे पुसत जिना चढली. मनस्वीला एक दिवस मालू म्हणाला नाही, मनस्वी म्हणाला, परीक्षा कधी आहे विचारलं. आम्ही घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतो, हे ऐकून कुठेतरी नजर लागेल म्हणून. कडी लावायची गरज उरली नाही. संध्याकाळी तो असा दमून झोपायचा की दारापर्यंत जायचं बळ नसायचं.

शेवटी सखा कंटाळला. "दादा, आजोबांना वर घ्या आता. मना दगड भरायचेत."

"वाईच थांब," बाबा खालून म्हणाला. "ह्या कोपऱ्यात पानी गळंल अजून."

मी सखाला हातानंच थांब म्हणून सांगितलं. बाबानं कोपरा पूर्ण केला, वर आला, पाय धुतले. मग त्या तळावर दगड, खडी, रेती असे थर भरले गेले, आणि छपराचा पाइप आत सोडला.

तपासणीला किमया मॅडम, नितेश, प्रविण, हैबतराव, एवढे सगळे हजर. पाऊस लांब होता म्हणून टँकर बोलावला. पाइपातून पाणी खड्ड्यात सोडलं. पाणी दगडांतून वर आलं, काठाला लागलं आणि थांबलं. आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. चहा झाला. पाणी तिथेच. भाविकानं भजी तळली. पाणी तिथेच. हैबतराव म्हणाले, "खाली कातळ आहे. मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो." ते पहिल्या दिवशी असं काही म्हणाले नव्हते. प्रविण म्हणाला, "दाजी, दिशा चुकली. पाणी ईशान्येला जिरतं." नितेश मोबाइलमध्ये बघत होता, अवघड वेळी तो नेहमी तिथे असतो.

"काका, उद्या सकाळी येते," किमया मॅडम म्हणाल्या. सकाळी आल्या. पाणी होतं तिथेच होतं, वर एक पान तरंगत होतं. "हा शोषखड्डा नाही काका. ही टाकी झाली."

सखानं पाणी उपसलं, थर काढले. तळ उघडा पडला. गुळगुळीत, काळसर, आणि त्यावर एकापुढे एक टाचांचे ठसे, काठापासून काठापर्यंत. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा, सगळ्यांच्या देखत. किमया मॅडम खाली उतरल्या, बोटानं दाबून पाहिलं. "हे काय वापरलंत? सिमेंट?"

"नाही," मी म्हणालो. "वडील."

बाबा खुर्चीवरून उठून आला होता. त्याला वाटलं बाई त्याचं काम बघायला आल्यात. अंगरखा सारखा करून तो काठावर उभा राहिला. "बघून घ्या, बाय. एक थेंब गेला नाय. माझ्या आगराला कवा गळती नव्हती." किमया मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खरंच हो आजोबा," त्या म्हणाल्या, "फार सुरेख झालंय." मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हा तळ फोडावा लागेल."

मी भांडलो. मला भांडता येत नाही, पण भांडलो. पाणी जिरवा नाहीतर साठवा, उद्देश एकच ना? मग हे साठवलंच की. त्या म्हणाल्या, साठवलेलं चालतं, पण उघडं नाही, डास होतात. त्याला आतून काँक्रीटची, वरून झाकणाची टाकी लागते. म्हणजे तळ उकरायचाच, आणि वर झाकण, मग बाबा आत उतरणार कसा? दुसरीकडे खड्डा खणू, हा असाच राहू दे, मी म्हणालो. त्यांनी स्वतः टेप घेऊन सगळा प्लॉट मोजला. इकडे संडासाची टाकी, तिकडे शेजाऱ्याची भिंत, पुढे पाया. नियमानं सोडायचं अंतर सोडलं तर दुसऱ्या खड्ड्याला जागा नव्हती. हैबतराव म्हणाले, माझ्याकडे खणा, पण मध्ये लॉन येतं. त्या मुलीचा चेहरा माझ्याहून पडला होता. नियम तिनं केला नव्हता, आणि नियम वाईटही नव्हता. पाणी जमिनीत जायला हवं, हे खरंच होतं. माझ्या बापानं जन्मभर त्याच्या उलट केलं, तेही खरंच होतं. भांडायला समोर कुणी उरलंच नाही.

तीन मजल्यांचा जिना डोळ्यांसमोर होता. मी पहार आणली. भाविका म्हणाली, "थांबा थोडे दिवस. ते बरे होतायत." मी म्हणालो, "प्रमाणपत्र मिळालं की इथेच राहायचंय त्यांना. अंगण आहे, दुसरं काहीतरी देऊ तुडवायला." आम्ही दोघांनीही ते खरं मानलं.

बाबाला चहाला हैबतरावांकडे पाठवलं. सखानं खड्ड्यात उतरायला नकार दिला, म्हणाला, "दादा, मी नाय फोडनार. म्हाताऱ्यानं एवढं मन लावून केलंय." मग मीच उतरलो. काढून ठेवलेल्या दगडांतून निथळून तळाशी पुन्हा चार बोटं पाणी साठलं होतं. पहिला घाव बसला तर पहार उलटी उसळली, इतकं ते पक्कं होतं. मी टाचांच्या ठशांवर घाव घालत होतो आणि ठसा चुकवायचा प्रयत्नही करत होतो, हे दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. एकदा तडा गेला आणि पाणी गळायला लागलं. खालून गुळगुळ आवाज आला.

हैबतरावांच्या लॉनवरून बाबानं तो ऐकला असेल का, मला माहीत नाही. कप टाकून तो धावत आला. त्या वयात, त्या पायांनी, धावत. काठावर येऊन त्यानं आत पाणी कमी होताना बघितलं आणि ओरडला. गावात बांध फुटला की माणसं ओरडत तसा.

"सीते! उठ गो! बांध फुटला, सीते, उठ!"

मी वर येईपर्यंत तो खाली उतरला, पडलाच म्हणा. दोन्ही हातांनी माती ओढून त्या भेगेवर दाबायला लागला. मी त्याला धरलं तर त्यानं मला ढकललं. अंगात बळ कुठून आलं कळेना. "बाबा, मी धना, काही झालं नाही, ये," मी म्हणत होतो. तो ऐकत नव्हता. आईला हाका मारत होता, मालूला मारत होता, गावातल्या मेलेल्या सगळ्या माणसांना नावानिशी हाका मारत होता, फावडी घेऊन या म्हणत होता. सगळी नावं त्याला आठवत होती. माझं त्यात नव्हतं. सखा, हैबतराव आणि मी मिळून त्याला वर काढलं तेव्हा पाणी सगळं गेलं होतं. तो खुर्चीवर बसला, हात चिखलानं भरलेले. हैबतराव, जे कधी गप्प बसत नाहीत, ते त्याच्या पायाशी बसून त्याचे हात पुसत होते, आणि एक सल्ला दिला नाही त्यांनी.

पुढची तपासणी झाली. टँकरचं पाणी एका दमात खाली गेलं. प्रविणनं टाळी वाजवली आणि मग कुणीच वाजवत नाही बघून हात खिशात घातले. करवंदी जगली. किमया मॅडमनी सही केली, आणि जाताना बाबाच्या पाया पडल्या. नळ आला, टेम्पो आला, पडदे लागले. बाबाची खाट आम्ही अंगणाकडच्या खोलीत टाकली. तो खाटेवरून उतरेना. भाविकानं परातीत माती मळून त्याच्या पायाशी ठेवली, मी हात धरून अंगणात नेऊन पाहिलं. त्यानं पाय उचलले नाहीत. मनस्वी पुन्हा मालू झाली, मग मालूही राहिली नाही.

आषाढात एका दुपारी मी सुट्टी घेऊन त्याच्याजवळ बसलो होतो. पाऊस धो धो लागला होता. छपराचं सगळं पाणी पाइपातून खड्ड्यात पडत होतं, आणि खड्डा ते निमूटपणे गिळत होता. नियमात सांगितलं होतं अगदी तसं. बाबा खिडकीतून तिकडे बघत होता. मग त्यानं मान वळवून बराच वेळ माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती, पण राग नव्हता. नवीन माणसाची चौकशी करावी तसा म्हणाला, "तू कोनाच्या आगरावर रं?"

"तुझ्याच, बाबा," मी म्हणालो.

त्यानं विचार केला. मान हलवली.

"नाय. माझा मानूस असतास त पानी जाऊ दिलं नसतंस."